वणव्यासाठी फोम: इडक्टर ओढत नाही आणि टाकीत मिसळला तर पंप एअर धरतो

डोंगरउतार

गाडीवरची मांडणी आधी सांगतो. २००० लिटरची टाकी. पंप ७ बार दाबाला मिनिटाला साधारण ३०० लिटर देतो. पुढे २५ मिमीचा ६० मीटर होज आणि टोकाला ७५ लिटर प्रति मिनिटाचा, जेट-फवारा बदलता येणारा नोझल. पंपाच्या डिलिव्हरीवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनवर, इन-लाइन इडक्टर आहे (वाहत्या पाण्याच्या ओढीने फोम पाण्यात मिसळणारा जोड). त्याच्या अंगावर '२०० लि./मि., ७ बार' असं कोरलंय आणि नॉबवर १, ३, ६ टक्के अशा खुणा आहेत. फोम ए-वर्गाचा, म्हणजे गवत, पाला, लाकूड यांच्या आगीचा.

इडक्टरची नळी कॅनमध्ये सोडली की कॉन्सन्ट्रेटची (फोमच्या दाट द्रवाची) पातळी हलतच नाही. नोझल बंद केला की कधी कधी उलट पाणीच कॅनमध्ये येतं. म्हणून इडक्टर काढून १० लिटर कॉन्सन्ट्रेट थेट टाकीत ओतलं. सुरुवातीला फेस छान येतो, पण निम्मी टाकी संपली की दाबाचा काटा नाचायला लागतो आणि पाणी शिल्लक असतानाच पंप एअर धरतो, म्हणजे आत हवा शिरून पाणी ढकलेनासा होतो. टाकीची लेव्हल-नळीही भलतंच दाखवते.

विचारायचं ते असं: इडक्टर खराब आहे की मांडणी चुकली आहे? टाकीत मिसळायचं तर कसं? आणि गवताची धावती आग, धुमसणारे ओंडके, जाळरेषा (आग अडवण्यासाठी केलेला पट्टा) यांना प्रमाण एकच ठेवायचं की वेगवेगळं?

दाबमापक

इडक्टर बहुतेक ठणठणीत असणार. जोडी चुकली आहे.

इडक्टरमध्ये पाणी अरुंद तोंडातून जोरात जातं, तिथे दाब पडतो आणि त्या ओढीने कॉन्सन्ट्रेट वर येतं. ही ओढ तयार होण्यासाठी कोरलेला प्रवाह त्यातून जायलाच हवा. २०० च्या इडक्टरमागे ७५ चा नोझल लावला की प्रवाह ३७-३८ टक्क्यांवर येतो. दाबातला फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तोंडाशी मूळच्या जेमतेम १४ टक्के फरक उरतो. एवढ्यात काहीही वर येत नाही. नोझल अर्धवट बंद केला तरी हेच होतं. इडक्टर चालू असताना नोझल पूर्ण उघडा ठेवायचा. प्रवाह कमी करून काम भागवायची सवय इथे चालत नाही.

दुसरी अट मागच्या दाबाची. साधारण हिशोब असा की इडक्टर आत आलेल्या दाबाचा तिसरा हिस्सा खातो. आत ७ बार असेल तर बाहेर साडेचार बारच्या आसपास मिळतात. बाहेरचा दाब याच्यावर चढला की ओढ थांबते. या साडेचार बारमध्ये नोझलचा दाब, होजमधलं घर्षण आणि चढ, सगळं बसवायचंय. ७ बारवर चालणारा नोझल इथे बाद. साडेतीन बारचा कमी दाबाचा नोझल घेतला तर घर्षण आणि चढ यांना मिळून एक बार उरतो. दर १० मीटर उंचीला एक बार जातो. म्हणजे नोझल टेकाडावर गेला की खाली गाडीपाशी काहीही बिघडलेलं नसताना फोम बंद होतो.

आता तुमचा होज. २५ मिमीच्या ६० मीटर होजमधून मिनिटाला २०० लिटर ढकलले तर साडेपाच बारच्या पुढे दाब होजमध्येच संपतो, म्हणजे जमणारच नाही. तेवढ्याच लांबीच्या ३८ मिमी होजमध्ये तोच प्रवाह एक बारच्या आत जातो. तर या इडक्टरला जोडी हवी ती ३८ मिमी होज आणि २०० लिटरच्या कमी दाबाच्या नोझलची, तीही सपाटीवर. किंवा ७५ लिटरच्या नोझलला ७५ चाच इडक्टर.

कॅनमध्ये उलट पाणी येतं त्याचं कारण वेगळं आहे. नळीच्या मुळाशी एक छोटी गोळी असते, ती उलटा प्रवाह अडवते. वापरानंतर धुतलं नाही तर कॉन्सन्ट्रेट वाळून गोंदासारखं होतं आणि गोळी जागेवर बसत नाही. नॉब खोलून गोळी, तिची बैठक आणि मीटरिंगचं भोक कोमट पाण्याने धुवा. भोकात तार घालू नका. ते भोक म्हणजेच माप आहे, थोडं जरी मोठं झालं तरी सगळी प्रमाणं बिघडतात. नळीला तडा नाही ना, टोकाची जाळी चोंदलेली नाही ना, तेही पाहा. तडा असेल तर कॉन्सन्ट्रेटऐवजी हवा ओढली जाते. आणि कॅन इडक्टरपासून फार खाली नको. पावणेदोन मीटरच्या वर उचल देऊ नका.

नॉबबद्दल एक. ३ आणि ६ टक्के हे तेलाच्या आगीच्या फोमचे आकडे आहेत. ए-वर्गाचा फोम ०.१ ते १ टक्क्यात वापरतात. तुमचा इडक्टर नीट चालू झाला तरी सर्वांत खालच्या खुणेवर तो गरजेच्या दुप्पट-तिप्पट कॉन्सन्ट्रेट ओढेल. वणव्यासाठी ०.१ ते १ अशा खुणांचा इडक्टर वेगळा मिळतो.

पंपघर

टाकीत मिसळण्याबद्दल लिहितो.

तुम्ही २००० लिटरला १० लिटर घातलं, म्हणजे ०.५ टक्के. साध्या जेट-फवारा नोझलला ०.३ पुरतं, म्हणजे ६ लिटर. जास्त घातल्याने आग लवकर विझत नाही, फक्त टाकीत फेस वाढतो. टाकीत झालेला फेस हा नुसता तोटा आहे, तो आगीपर्यंत पोचत नाही.

पंप एअर धरतो कारण सेंट्रिफ्यूगल पंपाला बुडबुडे पेलत नाहीत. आता बुडबुडे कुठून येतात ते शोधा. बहुतेक गाड्यांत पंप थंड ठेवण्यासाठी थोडं पाणी परत टाकीत सोडलेलं असतं आणि ती रिटर्न नळी वरून पाण्यावर पडते. साध्या पाण्यात त्याने काही बिघडत नाही. फोमचं पाणी असलं की ती नळी सतत फेस घुसळत राहते. पातळी खाली गेली की धार अजून उंचावरून पडते, फेस वाढतो, आणि सक्शनच्या (पंप पाणी ओढतो त्या नळीच्या) तोंडाशी भोवरा होऊन तोच फेस पंपात जातो. तुमचं निम्म्या टाकीनंतर बिघडतं ते यामुळेच.

करायचं असं. रिटर्न नळी टाकीच्या तळापर्यंत उतरवा, तोंड पाण्याखाली राहील अशी. सक्शनच्या तोंडावर भोवरा मोडणारी आडवी पत्री नसेल तर बसवून घ्या. टाकी भरताना आधी पाणी, मग कॉन्सन्ट्रेट. उलट केलं तर भरतानाच झाकणातून फेस बाहेर येईल. टाकी काठापर्यंत भरू नका, थोडी जागा सोडा. कॉन्सन्ट्रेट फनेलला जोडलेल्या लांब नळीने पाण्याखाली सोडा, वरून भस्सकन ओतू नका. मग पंप कमी वेगावर ठेवून एक-दोन मिनिटं टाकीतलं पाणी टाकीत फिरवा आणि थांबा. कॉन्सन्ट्रेट पाण्यापेक्षा थोडं जड असतं, फिरवलं नाही तर तळाशी बसतं. मग पहिलं पाणी दाट आणि नंतरचं जवळजवळ साधं निघतं.

पुन्हा भरतानाचा हिशोब फार जण चुकवतात. टाकीत ४०० लिटर मिश्रण उरलंय आणि १६०० लिटर पाणी भरलं, तर कॉन्सन्ट्रेट १६०० लिटरपुरतंच घालायचं: ०.३ टक्क्याने ४.८ लिटर. दर भरणीला पूर्ण ६ लिटर घालत गेलात तर प्रमाण चढत जातं.

लेव्हल-नळीत फेस शिरतो म्हणून ती खोटी दाखवते. त्यावर उपाय नाही. चालू नोझलचा प्रवाह आणि घड्याळ यांवरून हिशोब ठेवा, कारण माणसं पुढे आगीशी असताना पाणी किती उरलंय याचा चुकीचा अंदाज जिवावर बेतू शकतो.

शेवटी, मिश्रण टाकीत साठवून ठेवू नका. ए-वर्गाचा फोम जैवविघटनशील असतो, काही दिवसांत त्याचा जोर उतरतो. शिवाय तो झडपांचं ग्रीस धुऊन काढतो आणि लोखंडी टाकीत गंज सैल करतो. ती खरपुडी पुढे नोझलच्या जाळीत अडकते. काम संपलं की टाकी रिकामी करून फेस येईनासा होईपर्यंत धुवा आणि झडपांना पुन्हा ग्रीस लावा.

रानवाट

प्रमाण कामाप्रमाणे बदलायचं. एकच आकडा सगळीकडे वापरला तर धुमसत्या जागांवर कॉन्सन्ट्रेट वाया जातं आणि जाळरेषेवर कमी पडतं.

धुमसणारे ओंडके, बुंधे, कुजलेल्या पाल्याचा थर: ०.१ ते ०.३ टक्के. इथे फेस नको, पाणी आत मुरायला हवं. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे वाळलेल्या पाल्यावर आणि जळक्या सालीवर पाणी थेंब होऊन घरंगळतं. एवढ्याशा फोमने तो निम्म्याच्या खाली येतो आणि पाणी फटीत शिरतं. पण वरून पांढरं झालं म्हणजे विझलं असं नाही. फेसाखाली निखारा जिवंत राहू शकतो. फवारायचं, कुदळीने उलथायचं, पुन्हा फवारायचं, आणि शेवटी हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासायची. पाठीवरच्या २० लिटरच्या पंपात ०.२ टक्के म्हणजे ४० मिली. मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण किंवा सिरिंज ठेवा. अंदाजाने ओतलं की हमखास तिप्पट जातं.

गवत-झुडपांची धावती आग: ०.३ ते ०.५. ज्वाळेच्या बुडाशी मारायचं, धूर आणि शेंड्यांवर नाही. जळून गेलेल्या बाजूने पुढे सरकत जावं. फेसाचा मोठा फायदा हा की कुठे मारलं ते दिसतं, आणि पांढरा पट्टा एखाद्या ठिकाणी चटकन नाहीसा झाला तर तिथे उष्णता आहे हे कळतं.

ओली जाळरेषा: ०.५ च्या पुढे, हवा ओढणारा नोझल लावून. पट्ट्याची रुंदी ज्वाळेच्या लांबीच्या किमान अडीच पट. ज्वाळा दोन मीटरची असेल तर पाच मीटर. आधी एकदा पातळ मिश्रणाने गवत भिजवावं, मग वरून फेसाचा थर द्यावा. नुसता फेस सुक्या गवताच्या शेंड्यांवर तरंगतो आणि आग खालून सरकते. या रेषेवरून प्रतिआग (येणाऱ्या आगीच्या दिशेने मुद्दाम लावलेली आग) लावायची असेल तर पट्टा तयार झाला की लगेच. कडक ऊन आणि वाऱ्यात पट्टा फार टिकत नाही. पाचशे मीटरचा पट्टा आधी मारून मग टोकाला येऊन आग लावायची, हा क्रम चुकीचा आहे. पट्टा मारणारा पुढे आणि आग लावणारा थोड्या अंतराने मागे, असे दोघे सोबत सरकतात.

फोम म्हणजे विमानातून टाकतात तो लाल रिटार्डंट नव्हे. त्यातले अमोनियम फॉस्फेटचे क्षार पाणी उडून गेल्यावरही काम करतात. फोममधलं पाणी संपलं की फोम संपला. म्हणून झाडाचं खोड, लाकडी खांब किंवा घराची भिंत झाकायची तर ०.५ ते १ टक्का, आणि आग पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, त्याहून लवकर नाही. जेट थेट भिंतीवर मारू नका, वरच्या कडेवर अलगद सोडा म्हणजे फेस ओघळत खाली येईल.

डोंगरउतार

खूप उपयोगी माहिती. एकच अडतं. ३८ मिमी होज आणि २०० लिटरचा नोझल लावला तर २००० लिटर दहा मिनिटांत संपतात. गवताच्या आगीला एवढा प्रवाह लागतही नाही. कमी-जास्त प्रवाहात चालेल अशी मिसळण्याची दुसरी सोय कोणती? कॉम्प्रेस्ड एअर फोम घ्यावा का? आणि कॉन्सन्ट्रेट संपलं तर भांडी घासायचं लिक्विड चालतं असं ऐकलं, ते खरं का?

दाबमापक

तुमचा दहा मिनिटांचा हिशोब बरोबर आहे, आणि याच कारणाने वणव्याच्या गाड्यांवर इन-लाइन इडक्टर फारसा शोभत नाही. वणव्यात नोझल सतत उघड-बंद होतो, होज वाढत जातो, माणूस चढावर जातो. इडक्टरला यातलं काहीच सोसत नाही.

पंपाभोवतीचा प्रपोर्शनर (ठरलेल्या प्रमाणात फोम मिसळणारं साधन): डिलिव्हरीतून थोडं पाणी वळवून छोट्या इडक्टरमधून पंपाच्या सक्शनला परत देतात. होज किती लांब, नोझल किती उंच याचा त्याला त्रास नाही. पण प्रमाण हाताने लावावं लागतं. मिनिटाला १५० लिटर चालू असताना ०.३ टक्के म्हणजे ०.४५ लिटर; दोनपैकी एक नोझल बंद झाला आणि झडप तशीच राहिली की प्रमाण दुप्पट. सक्शनला दाबाचं पाणी जोडलं, म्हणजे हायड्रंट किंवा दुसरा पंप, तर ओढ थांबते; तो टाकीतून पाणी घेतानाच चालतो. पंपात फोम असतो, त्यामुळे टाकीची रिटर्न झडप उघडी राहिली तर सगळी टाकी फोमची होते. ती बंद ठेवली तर पंप तापतो, म्हणून नोझल फार वेळ बंद ठेवू नये.

डायरेक्ट इंजेक्शन: डिलिव्हरीवर प्रवाहमापक, त्याच्या आकड्यावरून इलेक्ट्रिक मोटरचा छोटा पिस्टन पंप पंपाच्या पुढे कॉन्सन्ट्रेट ढकलतो. प्रवाह ४० असो की ३००, प्रमाण तेच राहतं. टाकी आणि मुख्य पंपात साधं पाणीच असतं. एअर धरणं, लेव्हल-नळी, ग्रीस धुणं हे सगळे प्रश्न एकदम मिटतात. महाग आहे, पण रोजच्या कामाला हाच. बिघाड ठरलेले: प्रवाहमापकाच्या चाकात वाळू किंवा पाल्याची काडी, कॉन्सन्ट्रेटच्या लाइनमध्ये हवा, चोंदलेली गाळणी, आणि बॅटरीचा व्होल्टेज पडल्याने मंदावलेली मोटर. यंत्राचा डिस्प्ले चालू असताना फेस कमी वाटला तर पहिलं काम म्हणजे गाळणी पाहणं. अगदी बारीक धारेला मापक प्रवाह ओळखत नाही, तेव्हा फोम येत नाही. तो बिघाड समजू नका.

कॉम्प्रेस्ड एअरच्या यंत्रात फोमच्या पाण्यात होजआधीच हवा सोडतात. पल्ला चांगला, होज हलका, फेस टिकाऊ. पण कॉम्प्रेसरची देखभाल आली, आणि एक धोका नीट समजून घ्या. कॉन्सन्ट्रेट संपलं आणि हवा चालूच राहिली तर पाणी आणि हवा एकजीव होत नाहीत, होजमध्ये आळीपाळीने पाणी-हवेचे गोळे धावतात आणि नोझल हातात आपटतो. कॉन्सन्ट्रेट संपलं की हवा आपोआप बंद होईल अशी सोय नसलेलं यंत्र घेऊ नये. एका २००० लिटरच्या गाडीसाठी मी आधी इंजेक्शनच सुचवीन.

भांड्यांचं लिक्विड: नको. पृष्ठताण त्यानेही उतरतो, पण त्या फेसातून पाणी लवकर गळून जातं, पंपाच्या धातूवर त्याचा परिणाम तपासलेला नसतो, आणि घट्टपणा वेगळा असल्याने प्रपोर्शनरचं माप लागू पडत नाही. कॉन्सन्ट्रेट संपलं तर साधं पाणी वापरा.

काळीमाती

दोन गोष्टी राहिल्या, पाणवठा आणि माणूस.

ए-वर्गाचा फोम पाण्यात गेला तर माशांना घातक आहे. पृष्ठताण उतरवणारी हीच द्रव्यं कल्ल्यांना इजा करतात. कॅन, प्रपोर्शनर आणि मिश्रणाची टाकी ओढ्यापासून लांब ठेवा. ओढ्यातून पाणी उचलणारा पंप आणि फोम मिसळणारा पंप वेगळे हवेत. एकाच पंपाने दोन्ही करायची वेळ आली तर सक्शनला एकमार्गी झडप हवीच, नाहीतर पंप थांबताच लाइनमधला फोम ओढ्यात परततो. टाकी भरताना होजचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडवू नका, वर हवेत अंतर ठेवा. हवाई फवारणीसाठी अमेरिकेच्या वनसेवेने पाणवठ्यापासून ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर अंतर सांगितलं आहे. जमिनीवरून काम करतानाही तो अंदाज डोक्यात ठेवला तर चूक होत नाही. टाकी धुतलेलं पाणीही ओहोळात सोडू नये.

तेलाच्या आगीचा जुना एएफएफएफ फोम 'पडून आहे' म्हणून जंगलात वापरू नका. त्यातली फ्लोरिनची संयुगं माती-पाण्यात वर्षानुवर्षं राहतात. तो आणि ए-वर्गाचा फोम एका टाकीत मिसळूही नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे ए-वर्गाचे कॉन्सन्ट्रेटसुद्धा एकत्र केल्यावर कधी कधी जेलीसारखे घट्ट होतात आणि सगळी लाइन खोलावी लागते.

कॉन्सन्ट्रेट ओतताना चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरला दाखवा. कातडीतलं तेल ते ओढून घेतं, हात फुटतात. चामड्याचे बूटही कडक होतात, म्हणून कामानंतर धुऊन तेल लावा. गाडीच्या पायरीवर सांडलेलं कॉन्सन्ट्रेट लगेच धुवा, त्यावरून पाय हमखास घसरतो. फेसाखाली खड्डा, तार, कुदळीचं पातं दिसत नाही. फेसातून वीज वाहते, चालू विजेच्या तारांखाली मारू नका. आणि फेसाचा पट्टा मारला म्हणून निघायची वाट सोडून त्यात आसरा घेऊ नये.

पंपघर

कोणताही प्रपोर्शनर बसवा, नॉबवरच्या आकड्यावर विसंबू नका. मोजून बघा. २०० लिटरचा पिंप घ्या, कॉन्सन्ट्रेट खुणा असलेल्या भांड्यात ठेवा, नेहमीचा होज आणि नेहमीचा नोझल लावून पिंप भरा. सुरुवातीला फेस पिंपाबाहेर जाईल, म्हणून नोझलचं तोंड पाण्याखाली धरा. ०.३ टक्के लावले असतील तर भांड्यातून ६०० मिली कमी व्हायला हवेत, ०.५ ला एक लिटर. हीच चाचणी होज वर चढवून पुन्हा करा.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून दाटपणा मोजणारं उपकरण) इतक्या पातळ मिश्रणाला उपयोगी नाही, फरक वाचताच येत नाही. विद्युतवाहकता मोजणारं छोटं मीटर चालतं: ज्या पाण्याने काम करणार त्याच पाण्यात ०.२, ०.४, ०.६ टक्क्यांची मिश्रणं मोजून बनवा, त्यांचे आकडे लिहून ठेवा आणि नोझलमधून आलेला नमुना त्यांच्याशी ताडून पाहा. पाण्याचा स्रोत बदलला की आकडे नव्याने काढावे लागतात. जड किंवा खाऱ्या पाण्यात फेस कमी धरतो, तिथे ०.३ ऐवजी ०.४-०.५ लागू शकतात. थंडीत कॉन्सन्ट्रेट घट्ट होतं आणि इडक्टर कमी ओढतो, त्यामुळे उन्हाळ्यात लावलेलं माप थंडीत पुन्हा तपासा.